आई-वडिलांच्या आरोग्यविम्याचा हप्ता झेपत नाही. दुसरा मार्ग आहे का?

कृष्णाकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१५

नमस्कार मंडळी. गेले आठ दिवस डोक्यात घोळणारा प्रश्न इथे मांडतो आहे. माझे वडील ५८ वर्षांचे आहेत आणि आई ५४ वर्षांची. दोघे कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी धाकट्या भावाजवळ राहतात. वडिलांचे शिवणकामाचे दुकान होते. नजर अधू झाल्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांनी ते बंद केले. आता घर भावाच्या पगारावर आणि मी पुण्याहून पाठवतो त्या पैशांवर चालते. माझ्या कंपनीच्या समूह विम्यात मी, पत्नी आणि मुलगी एवढेच बसतो, म्हणून सहा वर्षांपूर्वी मी आई-वडिलांसाठी १० लाखांची स्वतंत्र पॉलिसी घेतली.

तिचा हप्ता गेल्या वर्षी ३४,८०० रुपये होता. यंदाची सूचना ४६,३०० रुपयांची आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के जीएसटी पूर्ण निघाला, म्हणून हप्ता उतरेल असे मी धरून चाललो होतो. विचारणा केल्यावर, वडिलांचा वयोगट बदलल्यामुळे मूळ हप्ताच वाढला आहे, असे उत्तर मिळाले. वडिलांना रक्तदाब आहे, आईला थायरॉइडचा त्रास आहे. सहा वर्षांत एकदाही क्लेम केलेला नाही.

पॉलिसीची मुदत ४ जानेवारीला संपते. भाऊ म्हणतो, ती सोडून दे आणि तेवढे पैसे दरमहा बँकेत टाक. आई म्हणते, आमच्यासाठी एवढा खर्च करू नकोस. ती असे म्हणते तेव्हा मला फार वाईट वाटते. नेहमीच्या विम्याला परवडणारा आणि भरवशाचा पर्याय खरोखर आहे का? ज्यांनी तो वापरला आहे, त्यांचे अनुभव मला हवे आहेत.

खडीसाखर | ९ नोव्हेंबर, रात्री १०.०२

तुमच्या भावाचे म्हणणे मला पटते. आम्ही सात वर्षांपूर्वी पॉलिसी बंद केली आणि घराच्या आजारपणासाठी वेगळे आवर्ती खाते उघडले. त्या खात्याला हात लावायचा नाही, हा घरातला नियम आहे. त्यातून सासूबाईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, माझा दाताचा मोठा खर्च निघाला, मुलाचा हात मोडला तेव्हा प्लास्टर आणि एक्स-रे झाले. यातला दाताचा खर्च आणि बाह्यरुग्ण तपासण्या आमच्या विम्याने दिल्याच नसत्या. पैसा आपला असला की कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.

सांजवात | ९ नोव्हेंबर, रात्री १०.४०

खडीसाखर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तुम्ही सांगितलेले तिन्ही खर्च हजारांतले आहेत. विमा लाखांतल्या खर्चासाठी असतो. वर्षाला ४६,००० रुपये बाजूला टाकले तर पाच वर्षांनी व्याज धरून अडीच लाखांच्या आसपास जमतील. आजार मात्र पाच वर्षे थांबत नाही.

माझ्या मोठ्या काकांनी नेमके हेच केले होते. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात त्यांना मेंदूत रक्तस्राव झाला. एकोणीस दिवस अतिदक्षता विभागात काढावे लागले आणि एकूण बिल ७ लाख ६० हजार झाले, तेव्हा खात्यात ८२,००० रुपये होते. काकूंनी पाटल्या मोडल्या, चुलत भावाने पतसंस्थेचे कर्ज काढले आणि ते कर्ज अजून फिटलेले नाही. बचत अवश्य करावी, पण ती विम्याची जागा घेऊ शकत नाही.

पायवाट | १० नोव्हेंबर, सकाळी ७.२०

कृष्णाकाठ, सर्वात आधी हे पाहा की आई-वडिलांचे आयुष्मान कार्ड निघाले आहे का. महाराष्ट्रात महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची प्रधानमंत्री जन आरोग्य योजना एकत्र राबवली जाते. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली हीच योजना. पूर्वी तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होती आणि ती मुख्यतः पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती होती. १ जुलै २०२४ पासून मर्यादा ५ लाख झाली आणि पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही आत आली. अनेकांना हा दुसरा बदल अजून ठाऊक नाही. 'ती गरिबांची योजना आहे, आपल्याला मिळणार नाही' असे सांगणारे सुशिक्षित लोक मला रोज भेटतात.

हप्ता शून्य आहे आणि आधीपासून असलेल्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ नाही, म्हणजे त्याचा खर्च मिळण्यासाठी आधी काही वर्षे थांबावे लागत नाही. मात्र तिच्या सीमा नीट समजून घ्या. ठरावीक उपचारांचीच यादी आहे, त्यातले काही फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, आणि रुग्णालय योजनेच्या यादीत असावे लागते. साध्या तापासाठी दाखल झालात आणि तो उपचार यादीत नसेल, तर पैसे तुम्हालाच भरावे लागतील. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग, मेंदूच्या शस्त्रक्रिया, म्हणजे घर बुडवणारे जे आजार असतात, त्यांना मात्र ही योजना खरोखर उपयोगी पडते. माझ्या थोरल्या भावाची बायपास शस्त्रक्रिया या योजनेतून झाली. प्रवेशद्वाराजवळ आरोग्यमित्राचे, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचे, टेबल असते, तिथे शिधापत्रिका आणि आधार दाखवले, पूर्वमंजुरी आली आणि शस्त्रक्रियेचे पैसे आम्हाला भरावे लागले नाहीत.

एक कळकळीची विनंती आहे. दोन्ही कागदांवरची नावे आजच जुळवून पाहा. आमच्या वेळी शिधापत्रिकेवर भावाचे नाव 'बाळू' होते आणि आधारवर 'बाळकृष्ण'. भाऊ खाटेवर असताना मी तीन दिवस तहसील कार्यालयात चकरा मारल्या. शिधापत्रिकेचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांकही काढून ठेवा. जुन्या पुस्तिकेवर तो नसतो.

निंबोणी | १० नोव्हेंबर, सकाळी ८.०५

धाकटा भाऊ कुठे नोकरीला आहे आणि त्याचा पगार किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्याच्या पगारपत्रकावर ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची, कपात आहे का, ते आधी पाहा.

कृष्णाकाठ | १० नोव्हेंबर, दुपारी १.३०

निंबोणी, भाऊ सातारा एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. साठ-पासष्ट कामगार असतील. पगार १८,५०० रुपये आहे. ईएसआयबद्दल त्याने कधी काही सांगितले नाही, रात्री फोन करून विचारतो. पायवाट, तुमचा प्रतिसाद वाचून छातीत धस्स झाले. आईचे नाव शिधापत्रिकेवर 'शालन' आहे आणि आधारवर 'शालिनी'.

डोंगरवारा | १० नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

धर्मादाय रुग्णालयांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहिते. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आणि करसवलती घेणारी जी मोठी रुग्णालये आहेत, त्यांच्यावर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यातले कलम ४१ कक बंधनकारक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्याची योजना मंजूर केली. तिच्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. निर्धनसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आहे आणि दुर्बल घटकासाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला अनामत रक्कम न मागता दाखल करून घेणे हेही त्यांचे कर्तव्य आहे.

कागदावर हे सगळे असे आहे. प्रत्यक्षात माझ्या बहिणीच्या वेळी एका मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर 'राखीव खाट शिल्लक नाही' एवढे एकच उत्तर मिळाले आणि ५०,००० रुपये भरायला सांगितले गेले. मी रात्रभर बाकावर बसून राहिले. सकाळी तिथल्याच सफाईताईंनी मला हळूच सांगितले, 'ताई, दुसऱ्या मजल्यावर समाजसेवा विभाग आहे, तिकडे जा, इथे खिडकीवर काही होणार नाही.' तिथल्या बाईंनी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पाहिला, अर्ज भरून घेतला आणि दुपारपर्यंत बहीण सवलतीच्या खाटेवर होती. नकार मिळालाच तर तो लेखी मागा आणि जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयाकडे लगेच तक्रार करा. लेखी मागितल्यावर बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिले आहे. मला आजही त्या रात्रीचा राग येतो, कारण ज्यांना दुसरा मजला कोणी दाखवत नाही, त्यांचे काय होत असेल?

वायगावची हळद | १० नोव्हेंबर, रात्री ९.५०

धागा वाचताना लहानपण आठवले. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आसपासच्या गावांत ज्वारीच्या बदल्यात आरोग्याची हमी देणारी योजना चालवली. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव आमच्याकडे आजही तिच्यामुळे घेतले जाते.

सुगी झाली की गावचा आरोग्य कार्यकर्ता घरोघरी यायचा. ज्याची जमीन जास्त, त्याने जास्त ज्वारी द्यायची. भूमिहीनाने थोडीच द्यायची. उपचार मात्र दोघांना सारखे मिळायचे. आमचे आजोबा खळ्यावरच पायलीने मोजून ज्वारी वेगळी काढायचे आणि पोत्याच्या तोंडाला निळे फडके बांधायचे. ते 'दवाखान्याचे पोते' असे. घरात कितीही ओढाताण झाली तरी त्या पोत्यातली ज्वारी जात्यावर आली नाही. गावातली बहुतेक घरे सामील झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. त्यामुळे एखादे घर मागे राहिले की बाकीचे त्याची समजूत घालायला जायचे. अचानक आलेल्या आजारात रुग्णालयाचा खर्च होत नसे. आधीपासून ठाऊक असलेल्या खर्चात थोडा वाटा स्वतः उचलावा लागे.

पुढे शिवारातून ज्वारी गेली आणि सोयाबीन आले, तशी वर्गणी रोख झाली. मला सांगायचे आहे ते एवढेच की हप्ता कुवतीप्रमाणे आणि उपचार गरजेप्रमाणे, ही गोष्ट आपल्याच मातीत वर्षानुवर्षे चालली आहे. आज विमा कंपनी वयाप्रमाणे हप्ता वाढवते, म्हणजे माणूस कमावता राहत नाही तेव्हाच त्याच्याकडून जास्त मागते. कृष्णाकाठ यांच्या आईला आपण मुलावर भार आहोत असे वाटते, त्याचे मूळ इथे आहे.

निपाणीकर | ११ नोव्हेंबर, सकाळी ९.१०

वायगावची हळद, फार सुंदर लिहिलेत. आमच्याकडे सीमेच्या या बाजूला कर्नाटक सरकारची यशस्विनी योजना होती. सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी ती २००३ मध्ये सुरू झाली. हृदयशल्यचिकित्सक डॉ. देवी शेट्टी यांच्या कल्पनेतून ती आली आणि सुरुवातीला माणशी महिन्याला फक्त ५ रुपये वर्गणी होती. माझे वडील सोसायटीचे सभासद होते, त्यांच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया तिच्यातून झाली. २०१८ मध्ये ती आरोग्य कर्नाटक योजनेत विलीन केली गेली, सभासदांनी मागणी लावून धरली आणि २०२२ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

महाराष्ट्रात गावोगावी विकास सोसायट्या आहेत, दूध संघ आहेत, साखर कारखाने आहेत. लाखो सभासदांची यादी आणि वर्गणी कापून घेण्याची व्यवस्था तयार आहे. एवढे असताना राज्यभर अशी सभासदांची योजना का उभी राहू नये?

पायवाट | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.०३

निपाणीकर, छोट्या प्रमाणावर ती आहे. पुण्यात अन्नपूर्णा परिवार वस्त्यांतल्या कर्जदार महिलांसाठी परस्पर साहाय्याचा आरोग्यनिधी चालवतो. वर्गणी सभासदांची आणि निधीही त्यांचाच. मर्यादा लहान असते, पण मोलकरणीला किंवा भाजीवालीला सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचवायला तेवढी पुरते. अशा निधीत शिरायचे तर आधी त्या संस्थेचे सभासद व्हावे लागते.

मांडवीतीर | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.२०

आमच्या गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. पाच वर्षे गोव्यात राहणाऱ्या कुटुंबाला कार्ड मिळते. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. नोकरीनिमित्त गोव्यात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांनी याची चौकशी जरूर करावी.

उंबरठा | ११ नोव्हेंबर, रात्री ११.३०

मी टेक्सासमध्ये राहतो. इथे विमा इतका महाग आहे की अनेक जण परस्पर वाटणीच्या धार्मिक संघटनांकडे वळतात. सभासद दरमहा ठरावीक रक्कम देतात आणि कोणी आजारी पडला की त्या रकमेतून मदत केली जाते. वर्गणी विम्यापेक्षा बरीच कमी असते. पण तो कायद्याने विमा नाही, त्यामुळे बिल भरण्याचे कायदेशीर बंधन त्या संघटनेवर नसते आणि जुने आजार बहुधा वगळलेले असतात. माझ्या एका सहकाऱ्याला हे मुलाच्या शस्त्रक्रियेनंतर कळले. भारतातही स्वस्त पर्याय निवडताना एवढे विचारा: पैसे देण्यास समोरचा कायद्याने बांधलेला आहे, की ते त्याच्या मर्जीवर आहे?

पांढरी टोपी | १२ नोव्हेंबर, सकाळी ६.५०

मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी संपवून लिहिते आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, कुठेही केसपेपरचेसुद्धा पैसे लागत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये दुसऱ्या विभागाकडे येतात, तिथले दर वेगळे असतात.

आमच्याकडे गर्दी आहे, माणसे अपुरी आहेत, कधी एखादे औषध संपलेले असते, हे मी नाकारत नाही. तरीही रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या महिन्याच्या महिन्याला नेणारे कितीतरी आजी-आजोबा मी ओळखते. कृष्णाकाठ, तुमच्या वडिलांचा रक्तदाब नियमित तपासला जातो का? सहा वर्षे हप्ते भरले, पण गोळी रोज घेतली जाते का, हे कोणी पाहिले आहे का? अर्धांगवायू होऊन आलेल्या रुग्णाच्या घरच्यांना मी हा प्रश्न विचारते, तेव्हा बहुतेक वेळा उत्तर येते, 'बरे वाटत होते म्हणून गोळी थांबवली.' पदरचे पैसे टाकून औषध घ्यायचे असेल तर जन औषधी केंद्रात जा. माझ्या आईच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला ११०० रुपयांवरून अडीचशेवर आला आहे.

ताळेबंद | १२ नोव्हेंबर, सकाळी ११.१५

हप्ता कमी करण्याचा एक मार्ग राहिला. त्याला सुपर टॉप-अप म्हणतात. पहिल्या ५ लाखांचा भार तुम्ही उचलायचा आणि वर्षभरात त्यापुढे जो खर्च होईल तो कंपनीने द्यायचा, असे त्याचे स्वरूप असते. पूर्ण पॉलिसीपेक्षा हप्ता बराच कमी पडतो. साधा टॉप-अप आणि सुपर टॉप-अप यांतला फरक ध्यानात ठेवा: साध्या प्रकारात प्रत्येक दाखल होण्याचा खर्च स्वतंत्र मोजतात, सुपर प्रकारात वर्षभराची बेरीज धरतात. वारंवार दाखल व्हावे लागणाऱ्या रुग्णाला दुसराच उपयोगी पडतो.

आणखी एक. कंपनी बदलायची असेल तर मुदत संपण्याच्या ४५ दिवस आधी अर्ज द्यावा लागतो, म्हणजे तुमच्या बाबतीत २० नोव्हेंबरपर्यंत. तसे केल्यास आजवरचा प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. पॉलिसी सोडून दोन वर्षांनी नव्याने घ्यायला गेलात, तर रक्तदाबासाठी पुन्हा तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते.

खडीसाखर | १२ नोव्हेंबर, दुपारी २.४०

ताळेबंद, मग पहिले ५ लाख फुले योजनेतून आणि त्यापुढचे सुपर टॉप-अपमधून, असे करता येईल ना? तसे असेल तर मी माझे मत बदलायला तयार आहे.

ताळेबंद | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.२५

तो हिशेब कागदावर सोपा वाटतो, पण प्रत्यक्षात तसा जुळत नाही. योजनेत उपचार ठरलेल्या पॅकेजच्या दराने होतात आणि त्या उपचारासाठी रुग्णाकडून वरचे पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे तिथे तुमच्या नावे पाच लाखांचे बिलच तयार होत नाही. योजनेबाहेरच्या रुग्णालयात गेलात तर पहिले पाच लाख तुमच्या खिशातूनच जाणार. म्हणून सुपर टॉप-अप घेणाऱ्याने खालचे पाच लाख कुठून उभे करणार, हे आधी ठरवावे. तुमच्या आवर्ती खात्यात तेवढे जमले असतील, तर तुमच्यासाठी हा उत्तम मार्ग आहे.

खडीसाखर | १२ नोव्हेंबर, दुपारी ३.५०

सव्वातीन जमले आहेत. आज रात्री घरी हा विषय काढते.

सांजवात | १३ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

दोन गैरसमजांपासून सावध राहा. आमच्या गल्लीत एक जण वर्षाला दोन हजार रुपये घेऊन 'आरोग्य कार्ड' विकत होता. शेजाऱ्यांनी तो विमा समजून घेतला. प्रत्यक्षात काही ठरावीक दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत बिलावर सवलत, एवढेच त्यात होते. दुसरे म्हणजे बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. ती अपघाती मृत्यू आणि अपंगत्वासाठी आहे, जरूर घ्यावी. पण आजारपणात रुग्णालयाचे बिल तिच्यातून मिळत नाही.

जुना वड | १३ नोव्हेंबर, सायंकाळी ५.१०

मी ७३ वर्षांचा आहे, म्हणून ज्येष्ठांपुरते लिहितो. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते आणि त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार होतात. खासगी विमा असला तरी ते काढता येते. मी आणि पत्नीने आधार दाखवून काढले.

ज्यांचे वय साठीच्या पुढे आहे, त्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर कंपनीला आधी विमा नियामकाशी विचारविनिमय करावा लागतो, असा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला आहे. कृष्णाकाठ यांच्या वडिलांना त्याचा आधार मिळायला अजून दोन वर्षे आहेत. आणि ज्या ज्येष्ठांचा विमाच नाही, त्यांच्या औषधोपचारांवर झालेला खर्च जुन्या करप्रणालीत करपात्र उत्पन्नातून ५०,००० रुपयांपर्यंत वजा करता येतो. मात्र पैसे रोख दिलेले नसावेत. पावत्या जपून ठेवा.

कृष्णाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०.२०

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आलो. भावाने पगारपत्रकांची घडी ट्रंकेतून काढली. प्रत्येकावर 'ईएसआय १३९ रुपये' असे छापलेले आहे. चार वर्षे हे पैसे कापले जात आहेत आणि आमच्या घरातला एकही माणूस त्या दवाखान्याची पायरी चढलेला नाही. भाऊ म्हणाला, 'मला वाटले तो पीएफचाच भाग आहे.' आम्ही दोघे बराच वेळ ते कागद हातात धरून बसलो होतो.

नोंदीत कुटुंब म्हणून फक्त भावाच्या पत्नीचे नाव आहे. निंबोणी, आता आई-वडिलांचे नाव घालता येईल का?

निंबोणी | १६ नोव्हेंबर, रात्री १०.५५

येईल. पूर्णपणे विमाधारकावर अवलंबून असलेले आई-वडील कुटुंबात धरले जातात. भावाने कारखान्याच्या कार्यालयामार्फत त्यांचे आधार आणि छायाचित्रे देऊन नोंद करून घ्यावी. दरमहा कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के या खात्यात जातात, म्हणजे १३९ रुपयांच्या मागे मालकाचे सहाशेहून अधिक रुपये जमा होत आहेत. बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, रुग्णालयात दाखल होणे, गरज पडल्यास मोठ्या रुग्णालयाकडे पाठवणे, हे सगळे त्यात येते. जुन्या आजाराला वगळत नाहीत. माझी दोन्ही बाळंतपणे याच योजनेत झाली आणि पगारी रजाही मिळाली.

दोन धोके मात्र सांगते. एक, मासिक वेतन २१,००० रुपयांच्या पुढे गेले की चालू वर्गणीकाळ संपल्यावर माणूस योजनेबाहेर जातो. भावाचा पगार १८,५०० आहे, म्हणजे दोन-तीन वाढींत तो तिथे पोहोचेल. दोन, नोकरी सुटली की काही काळाने हक्कही सुटतो. म्हणून आई-वडिलांची जुनी पॉलिसी एकदम सोडू नका. विमाधारक याच योजनेत किमान पाच वर्षे राहून वयोमानाने निवृत्त झाला, तर वर्षाला १२० रुपये भरून त्याला आणि जोडीदाराला उपचार पुढे चालू ठेवता येतात. हे इथल्या कारखान्यांतल्या सर्व वाचकांनी लक्षात ठेवावे.

पांढरी टोपी | १७ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

कृष्णाकाठ, गोळ्यांचे विचारले होते मी.

कृष्णाकाठ | २८ डिसेंबर, रात्री ९.४५

पांढरी टोपी ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला उशीर झाला, कारण ते उत्तर मला आवडले नव्हते. वडील गोळी एक दिवसाआड घेत होते. 'पाकीट जास्त दिवस पुरते' असे म्हणाले.

आता झाले ते सांगतो. पॉलिसी सोडली नाही. कंपनीला विम्याची रक्कम १० लाखांवरून ५ लाखांवर आणायला सांगितली. हप्ता ३१,९०० रुपये झाला आणि तो परवा भरला. आजवरचा प्रतीक्षाकाळ वाया गेला नाही. उरलेले १४,४०० रुपये वर्षभर आवर्ती खात्यात जातील आणि खाते आईच्या नावाने उघडले आहे. भावाच्या ईएसआयमध्ये दोघांची नोंद ११ डिसेंबरला झाली. गेल्या सोमवारी त्याने वडिलांना दवाखान्यात नेले. दीड तास रांग होती. डॉक्टरांनी दोन्ही हातांवर रक्तदाब मोजला, लघवीची आणि रक्ताची तपासणी लिहून दिली, एक महिन्याच्या गोळ्या दिल्या आणि डोळ्यांच्या विभागाची चिठ्ठी दिली. नजर अधू झाली म्हणून दुकान बंद केले, त्या नजरेची कसून तपासणी पहिल्यांदाच होणार आहे. ६ जानेवारीची तारीख मिळाली आहे.

आईच्या नावाचे काम अजून अडलेले आहे. 'शालन' आणि 'शालिनी' ही एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र तहसील कार्यालयात दिले आहे आणि पोचपावतीवर पंधरा दिवसांची मुदत लिहिलेली आहे. शिधापत्रिका दुरुस्त झाली की त्याच दिवशी आयुष्मान कार्डाचे पाहतो.

पायवाट | २८ डिसेंबर, रात्री १०.१०

पोचपावतीचा फोटो काढून ठेवा आणि सोळाव्या दिवशी सकाळीच तहसील कार्यालयात जा. जाताना आईलाही बरोबर न्या; अंगठ्याचा ठसा जुळला नाही तर दुसरी चकर वाचेल.